कारंब्याचं मुकं टाकं

या, इथं उंबराच्या सावलीत बसा. इथं बोलायला हरकत नाही. तो पुढचा उभा चिरा दिसतो ना, त्याच्या पलीकडे पाऊल पडलं की तोंड बंद. लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना हाच नेम. तिकडे हंडा कातळाला घासून आवाज झाला तरी आमच्या म्हाताऱ्या डोळे वटारतात. म्हणून तर याला मुकं टाकं म्हणतात.

इथूनही नीट दिसतं. कड्याच्या पोटात कातळ खोदून केलेलं, अंगणाएवढं चौकोनी टाकं. अलीकडच्या पायऱ्या वरच्या कारंब्याच्या, पलीकडच्या खालच्या कारंब्याच्या. मधोमध जो कातळ वर राहिलाय, त्याला भिवरेचा धोंडा म्हणतात. आणि दोन्ही काठ बघा, कसे गुळगुळीत झालेत. ते पाण्यानं नव्हे, माणसांनी बसून बसून झालेत.

मी इथला गुरव, दगडू. देवीची पूजा आमच्या घरात आणि टाक्याची राखणही. त्यामुळे सकाळी तुम्ही मंडळी तिथं मौनाला बसलात तेव्हा मी बघत होतो. मला कुणावर विश्वास टाकायची सवय नाही, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे शिबिराचे सर म्हणाले, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, आतली शांतता शोधा. मग या ताईंनी मला विचारलं, की काका, तुमच्या गावची माणसं इथं बसतात ती डोळे उघडे ठेवून का बसतात, आणि अशी समोरासमोर का? प्रश्न बरोबर आहे. सरांना मी मागे सगळं सांगितलं होतं. त्यांनी ते तुमच्यापर्यंत का आणलं नाही कोण जाणे. देवळापुढच्या फलकावर त्यांनी लिहून लावलंय, 'सती भिवराबाईंनी मनःशांतीसाठी मौनव्रत घेतलं.' ती सती नव्हती आणि तिनं व्रतही घेतलं नव्हतं. आमच्याकडचं मौन शांतीतून आलेलं नाही, संशयातून आलंय. ऐका.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. राजा कोण होता ते विचारू नका. वरची वाडी एक नाव घेते, खालची दुसरं. पण दोन्ही वाड्यांना पाणी मात्र या टाक्याचंच होतं. पावसाळ्यात कड्यावरून झिरपून ते भरायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कसंबसं पुरायचं. उन्हाळ्यात शेवटचं पाणी जो कोपरा खोल त्या कोपऱ्यात साठतं, हे दोघांना ठाऊक. म्हणून वरची वाडी आपल्या पायऱ्यांपाशी तळ जरासा खोल करून घ्यायची, पहार घालून, कुणाला न सांगता. खालची वाडीही तेच करायची. समोरच्यांनी केलं तर लबाडी, आपण केली ती सोय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एका वर्षी टाकं फाल्गुनातच आटायला लागलं. पाऊस तर चांगला झालेला, तरी पाणी रोज खाली जातंय. पाणी कमी झालं की माणूस आधी आभाळाकडे बघतो, आणि आभाळाचा दोष नसला की शेजाऱ्याकडे. वरचे म्हणू लागले, खालचे अवेळी येऊन भरून नेतात. खालचे म्हणू लागले, वरच्यांनी कुठेतरी चोरून पाट काढलाय. दोन्हीकडून पाळती सुरू झाल्या. एका घरी बारशासाठी भिंत सारवली, तर सारवायला पाणी कुठून आलं म्हणून पंच दारात येऊन उभे राहिले म्हणे. बारसं तसंच राहिलं.

अशा दिवसांत भिवराची फरफट झाली. ती वरच्या वाडीची लेक आणि खालच्या वाडीची सून. भाऊ बयाजी वरच्या वाडीतला पुढारी, मोठ्या मनाचा पण डोक्यानं तापट. नवरा सुभाना कमी बोलणारा, पण मनात धरून ठेवणारा. भिवराची आई वर माहेरी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून भिवरा अधूनमधून चढ चढून तिला बघायला जायची. एकदा आईनं तिचा हात धरून विचारलं, "तुमच्यात पानी हाय का गं?"

भिवरा म्हणाली, "हाय की. दोन हंडं भरून ठेवल्यात. तू नगं जिवाला लावून घिऊ."

घरी तांब्याभरसुद्धा पाणी नव्हतं. पण सासुरवाशीण माहेरी आणखी काय सांगणार? अंगावर वळ असले तरी पदर सारखा करून सगळं बरं आहे म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. आजारी आईपाशी तर कुणीही तेच म्हणेल. त्यात काय चुकलं, सांगा मला.

म्हातारीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की शेजारीण बघायला आली तेव्हा तिनं कौतुकानं सांगितलं, माझ्या लेकीच्या घरी काही कमी नाही, हंडे भरलेले असतात. शेजारणीनं ते विहिणीला सांगितलं, विहिणीनं दिराला. दिवस मावळेपर्यंत दोन हंड्यांचे रांजण झाले होते, आणि पाणी चोरतं कोण हे वरच्या वाडीला कळून चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी फटफटताना टाक्यावर काठ्या निघाल्या. बयाजीचा घाव सुभानाच्या हातावर बसला आणि हाड मोडलं. सख्ख्या भावानं बहिणीच्या नवऱ्याचा हात मोडला, तोही तिच्याच शब्दावरून.

सासरी तिला उभी करून विचारलं, घरातली गोष्ट माहेरी का सांगितलीस? ती म्हणाली, मी खोटं सांगितलं, आईला धीर यावा म्हणून. सासू म्हणाली, "म्हंजी तू खोटं बोलतीस तर. आज आयीसंगं बोललीस, उद्या आमच्यासंगं बोलशील." ती धावत माहेरी गेली, भावाला म्हणाली, अरे, आमच्याकडे थेंब नाही, मी आईची समजूत घातली होती. बयाजी म्हणाला, "नवऱ्यानं पढवून धाडलीया." ती रडली तर म्हणे ढोंग, आणि रडायची थांबली तर म्हणे बघा, कशी निगरगट्ट आहे. तिच्या तोंडून एक शब्द निघाला की दोन्हीकडे त्याचे दोन अर्थ तयार व्हायचे, आणि दोन्ही तिच्याविरुद्ध.

मग तिनं बोलणंच सोडलं. नवस नाही, व्रत नाही, कुणा साधूचा उपदेश नाही. बोलून बोलून हरली बिचारी. पाण्याला आली ती त्या मधल्या धोंड्यावर बसली, आणि रोज येऊन बसायला लागली. घरी जायची ती फक्त भाकरी थापायला आणि पाठ टेकायला. टाकं एव्हाना एवढं आटलं होतं, की धोंड्याभोवती चिखलच राहिला होता. कोपऱ्यातल्या खड्ड्यांमध्ये काय ते ओंजळभर पाणी.

पण एक गोष्ट सांगतात, ती मात्र मला खरी वाटते. बोलणं सोडल्यावर तिला झोप लागायला लागली म्हणे. छातीत सतत काहीतरी घट्ट धरल्यासारखं व्हायचं, ते सैल झालं. आपण काय बोललो, ते कोण कुणाला सांगेल, मग आपण काय उत्तर द्यायचं, ही गिरण तिच्या डोक्यात अखंड चालायची, ती थांबली. चेहरा निवळला. आणि तिचा तो निवळलेला चेहराच गावाला सोसेना.

बोलत होती तोवर संशय होताच, न बोलणारीवर तो दुप्पट झाला. खाई त्याला खवखवे, म्हणाले. पोटात काही नसतं तर गप्प का बसली असती? आणि गप्प बसून वर अशी समाधानी? वरच्यांना वाटलं, ती खालच्यांसाठी पाणी राखत बसते. खालच्यांना वाटलं, भावाला खुणा करायला बसते. दोन्ही वाड्यांचे पंच एकत्र आले आणि त्या सबंध वर्षात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर: हिच्यावर नजर ठेवायची. एका वाडीची बातमी दुसरीला देताना सापडली, शब्दानं नाहीतर खुणेनं, तर सासर बंद आणि माहेर बंद. नेसत्या लुगड्यानिशी शिवेबाहेर. तो निवाडा तिच्यासमोरच सांगितला. ती ऐकून घेऊन पुन्हा धोंड्यावर जाऊन बसली.

आता ऐका, माणसं कशी असतात ते. वरच्यांनी आपला एक माणूस या काठावर बसवला, खालच्यांनी आपला त्या काठावर. भिवरा कुजबुजली तर ऐकू यायला हवी, म्हणून दोघांना ताकीद, की तोंडातून ब्र काढायचा नाही. पण ज्याला बसवलं, तो तरी फुटणार नाही कशावरून? मग त्याच्यावर डोळा ठेवायला आणखी एक. त्या दुसऱ्याचा मामा समोरच्या वाडीतला निघाला, तेव्हा त्याच्यावर तिसरा. बायकांना वाटलं, पुरुषांना खाणाखुणा काय कळणार, म्हणून त्याही आल्या. असं करता करता दोन्ही वाड्या सगळ्याच्या सगळ्या काठांवर येऊन बसल्या, समोरासमोर, डोळे टक्क उघडे, तोंडं बंद. शांतीबिंती कुणाच्या गावीही नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याला पकडायला बसला होता.

बसले, आणि बसतच राहिले. पहिल्यांदा म्हणे फार जड गेलं. माणूस गप्प बसला की आधी आतलाच गलका वाढतो. तुम्हालाही सकाळी तसंच झालं असेल. प्रत्येकाच्या मनात समोरच्याशी भांडण चाललेलं. पण समोरचा उत्तरच देत नाही, तर भांडण एकट्यानं किती वेळ चालवणार? पुढे पुढे एकेकाच्या मनातले शब्द संपायला लागले. राग होता तिथंच होता, पण त्याला बोलायला काही उरलं नाही. आणि मग, डोळे उघडेच होते म्हणून, माणसांना दिसायला लागलं.

बयाजीला समोर सुभाना दिसला. हात फडक्यानं गळ्यात बांधलेला, आणि तो हात दुखल्यावर सुभाना ओठ कसे चावतो तेही दिसलं. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. रोज पाहत होता, पण ती हात हलवते का, डोळे फिरवते का, एवढंच पाहत होता. त्या दिवशी त्याला तिचे ओठ दिसले. उन्हानं आणि तहानेनं फुटलेले, भेगांत रक्त सुकलेलं. जिच्या घरी पाण्याचे रांजण भरलेत, तिचे ओठ असे कशाला होतील? आणि खालच्या वाडीच्या सगळ्याच माणसांचे ओठ तसे होते. बयाजीला तेव्हा कळलं, की ती आईशी खोटं बोलली होती आणि का बोलली होती. आपण आईच्या उशाशी असतो तर आपणही तेच बोललो असतो, हे त्याला कळलं. असं सांगतात, की तो उठला नाही, बोलला नाही, नुसता डोळ्यांतून पाणी गाळत बसला. या ताई सकाळी रडल्या, मी पाहिलं. लाजायचं कारण नाही. त्या काठावर बरीच माणसं रडून गेली आहेत, आणि ढोंग कुठलं आणि खरं कुठलं ते मला ओळखता येतं.

ऐन दुपार होती. वारा पडलेला, पाखरंही सावलीला गेलेली. दोन वाड्यांतली माणसं अशी गप्प, की एकमेकांचा श्वास ऐकू यावा. आणि त्या शांततेत आवाज आला. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्. टाक्यात नाही, टाक्याच्या खाली, कातळाच्या पोटात.

बयाजीनं मान वर केली. पलीकडे सुभानानंही केली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्या पाहण्यात संशय नव्हता, फक्त विचारणं होतं: तुला पण आला का रे? मग दोघेही आपापल्या पायऱ्यांनी खाली उतरले, आणि हातांनी गाळ उपसायला लागले. सुभाना एका हातानं. गाळाखाली भेग सापडली. वरच्यांनी खोल केलेल्या कोपऱ्यातून निघून ती थेट खालच्यांनी खोल केलेल्या कोपऱ्यात गेलेली, सलग. पाणी कुणी चोरलंच नव्हतं. दोन्हीकडून पहारी मारून मारून टाक्याचा तळ यांनीच फोडला होता, आणि शेवटचं पाणी आपल्या कोपऱ्यात यावं म्हणून केलेल्या खड्ड्यांतून ते भुईत जात होतं. कातळावर पहारींचे घाव स्पष्ट होते. कुठला घाव कुणाचा हे दोन्ही वाड्यांना माहीत होतं. तेव्हा मात्र कुणालाही गप्प बसा म्हणून सांगावं लागलं नाही.

चुना कालवला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं, आणि दोन्ही वाड्यांनी मिळून ती भेग बुजवली. दोन्ही कोपऱ्यांतले खड्डे भरून तळ सारखा केला. पाऊस आला, टाकं भरलं, ते टिकलं. टाक्यात पाणी चढत गेलं तसा धोंड्याचा नुसता माथा वर राहिला, तरी भिवरा बोलली नव्हती.

मग दोन्ही वाड्या तिच्यापुढे हात जोडून आल्या. पंचांनी निवाडा मागे घेतला. बयाजीनं पायांवर डोकं ठेवलं, म्हणाला, "बोल ग माझे बाई. शिव्या दे, पर बोल." ती बोलली नाही. तेव्हा कुणीतरी, कुणी ते कुणालाच सांगता येत नाही, मागून विचारलं. आमच्या गावाचा स्वभाव कुठे जाणार? विचारलं, की भिवरा, तू तर आधीपासून त्या धोंड्यावर बसत होतीस, तुला तो आवाज आमच्या आधी ऐकू आला नव्हता का?

तेव्हा भिवरा बोलली. म्हणाली, "आला हुता. पयल्याच दिवशी."

सगळे चमकले. बयाजी म्हणाला, "मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर तुमी भेग बघाया उतरला असता व्हय? तुमी इचारलं असतं, ही कुणाकडनं बोलतीया."

ती मुद्दाम तिथं बसली होती का, संशयानं का होईना पण माणसं येतील, गप्प बसतील आणि आपल्या कानांनी ऐकतील हे तिला ठाऊक होतं का, ते मला सांगता येत नाही. मला तर वाटतं, ठाऊक होतं. पण मी असा संशयी माणूस. तहानेनं जीव चालले असताना, शिवेबाहेर जायची पाळी आली असताना, एवढं मोठं खरं पोटात ठेवून बसणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. त्या मौनाला कुणी सुखाचं म्हणू नये.

त्यानंतर ती कुठल्या घरी गेली? वरचे सांगतात, माहेरी आली, भावानं तिला खांद्यावर बसवून आणली. खालचे सांगतात, नवऱ्याचा हात धरून सासरी आली आणि लेकुरवाळी होऊन सुखानं मेली. मी दोघांवरही विश्वास ठेवत नाही. घाटाखालच्या एका गावात कारंबेकर म्हणून घरं आहेत, त्यांची मूळ बाई एकटीच डोंगर उतरून आली होती म्हणे. पण हे मी इथं मोठ्यानं बोलत नाही.

रीत मात्र तेव्हापासून पडली. अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या अशा काठांवर येऊन बसतात. एरवीही कुणाचा बांधावरून, वाटणीवरून तंटा झाला की पंचांकडे जायच्या आधी दोघांना इथं आणून समोरासमोर बसवायचं. डोळे मिटायला बंदी. डोळे मिटून शांत होणं सोपं आहे, समोरचा दिसतच नाही. ज्याचा राग आला त्याच्याकडे बघत गप्प बसून दाखवा, मग खरं. मी पाहिलंय, तावातावानं आलेली माणसं उठतात तेव्हा त्यांचे खांदे खाली आलेले असतात. रात्री झोप लागली असंही सांगतात. सगळ्यांचे तंटे मिटतात असं नाही. काही जण नुसतेच थकून उठतात, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात जातात.

आणि मौन सुटतं तेव्हा पहिला शब्द एका वाडीची लेक नि दुसरीची सून असलेल्या बाईचा. तोवर पंच असो नाहीतर सरपंच, कुणी तोंड उघडायचं नाही. कधी ती नुसतं चला, स्वयंपाक व्हायचाय म्हणते. कधी गेल्या वर्षीसारखं असं काही बोलते, की एक घर महिनाभर खाली मान घालून हिंडतं.

आजही ती बाई बोलायला उठली की मी या झाडाखाली उभा राहून दोन्ही काठांवरचे चेहरे बघत असतो. ही कुणाकडून बोलतेय, हा प्रश्न एकूण एक तोंडावर आलेला असतो. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, तिच्या नवऱ्याच्या, तिच्या भावाच्याही. खरं सांगतो, माझ्याही. पण तो गिळतात सगळे, आणि ती काय बोलतेय ते ऐकतात.